अबोला सोडण्याचा तास

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ शाळेच्या वेळापत्रकात आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच, आणि ते नेमके माझे साडभाऊ निघाले. माझ्या मेव्हणीचे हे यजमान अकोल्यातल्या एका शाळेच्या पालक समितीवर आहेत. लग्नात कुणी अर्धी जिलबी पानात टाकून उठलं, की यांचं सुरू, "शाळेत वाढून घ्याले शिकवाले पायजे!" गॅसचं सिलिंडर बदलता न येणारा इंजिनिअर भाचा असो, नाहीतर वरची चकचकीत संत्री पाहून भुलणारा आणि खालची सडकी घरी आणणारा मी असो, प्रत्येकावर यांच्याकडे एकेक नवा विषय तयार. "पोट्ट्यायले प्रमेय येते साडभाऊ, संत्रं येत नाही!" मी अमरावतीहून जातो, सगळं ऐकतो आणि हा माणूस शहाणा की चक्रम, हे न ठरवताच परत येतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी समितीत भलताच विषय मांडला: अबोला सोडणे. हेडमास्तर बुचकळ्यात पडले. "अहो, पण याची परीक्षा कशी घ्यायची?" "तोंडी," साडभाऊ म्हणाले. सभा खो खो हसली म्हणे. मला मात्र हसू आलं नाही, कारण घरातली गोष्ट मला ठाऊक होती. त्यांच्या लेकीनं इंजिनिअरिंग सोडून पुण्याला नाटक शिकायला जायचं ठरवलं, तेव्हा साडभाऊ फाडकन बोलून गेले, "नाटक काय शिकाचा विषय हाये?" झालं, बापलेकीत अबोला! साऱ्या जगाला जादा विषय वाटत सुटलेल्या माणसाला पोरीचाच विषय तेवढा का खटकावा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बरं, त्यांच्या घरच्या अबोल्याची रीत अशी, की बोलायचं सगळं, पण तिसऱ्याला. तिसरा कुणी नसला तर मांजरीला. "मने, तिले सांग, चहा थंडा होऊन राहिला." मनी बिचारी दोघांकडे आळीपाळीनं बघत बसायची.

लेक निघाली त्या दिवशी अकोला स्टेशनवर तिसरा मी होतो. साडभाऊंना तिला एवढंच सांगायचं होतं, की माझं चुकलं, जा, खुशाल शीक. सकाळपासून माझ्यापुढे तालीम चालली होती. गाडी आली तसे ते माझ्याकडे वळले. "तिले म्हना, वरनाचा डबा आडवा ठेवू नको, सांडन." पोरगी हातभर अंतरावर उभी! "काका, बाबांना सांगा, उभाच ठेवलाय." मी आपला दोघांचे निरोप दोघांना देत राहिलो, आणि गाडी सुटली. रिकाम्या रुळांकडे पाहत साडभाऊ म्हणाले, "मनात सारं तयार होतं भाऊ. सुरुवात कुठून कराची, थेच समजलं नाही." मला भडभडून आलं.

त्या रात्री मी अकोल्यालाच राहिलो. सकाळी तिचा फोन आला, तोही मला. "काका, बाबांना सांगा, पोचले." मी स्पीकर लावून फोन सरळ साडभाऊंच्या हातात कोंबला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, घसा खाकरला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिले इचारा, राती जेवली का."

मी तोंड उघडतो न उघडतो तोच फोनमधून आवाज आला, "जेवले, बाबा."

आता माझं काही कामच उरलं नव्हतं. तरी सवयीनं, गोंधळून, मी सांगूनच टाकलं, "जेवली म्हणते."

साडभाऊंनी बाहीनं डोळे पुसले.

"आयकलं मी," ते म्हणाले.