पोर उचलायची लाज

मी माझ्या वडिलांना काका म्हणत असे आणि आईला काकी. वडिलांचे थोरले भाऊ म्हणजे बाबा आणि त्यांची बायको म्हणजे माय. ऐकणाऱ्याला वाटेल की मला थोरल्यांना दत्तक दिलं होतं. तसलं काही नव्हतं. थोरल्यांचा मुलगा घरात आधी जन्मला, त्यानं ज्याला जी हाक मारली तीच मागून आलेल्या मी मारली, आणि 'अगं, हा तुझा बाप आहे' एवढं सांगायची तसदी कुणी घेतली नाही. उलट पाहुण्यांपुढे त्याचं कौतुक चाले. "लेकराले आपला बाप कोन्ता ते ठाऊक नाई, एवढा एकोपा हाय आमच्या घरात," असं आजोबा मिशीवरून हात फिरवत सांगत आणि पाहुणे माना डोलावत. लेकराला बाप ठाऊक नाही ही मिरवायची गोष्ट कशी, असं एकाही पाहुण्यानं विचारलं नाही. आतून फोडणीचा वास येत असे, ते कशाला विचारतील?

आमची बागाईत होती. शेलूबाजारला बैलगाडीनं सकाळी निघालं तर बाजार भरायच्या आत पोचता येई, इतक्या अंतरावर मळा. वांगी, मुळे, मेथी, कोथिंबीर, मिरच्या. आजोबांचा शब्द विहिरीच्या पाण्यापासून चुलीतल्या लाकडापर्यंत सगळ्यांवर चाले. आणि त्या घरात एक रीत अशी होती, तशी ती आमच्याकडे बहुतेक घरांत होती, की आपल्या बापासमोर किंवा थोरल्या भावासमोर पुरुषानं स्वतःचं पोर उचलायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. ते धडपडलं, रडलं, तरी दुसरीकडे पाहायचं. याला मर्यादा म्हणत. भावाचं पोर उचलायला मात्र पूर्ण मोकळीक होती. त्यामुळे आमच्या घरातले दोन सख्खे भाऊ बैल अदलून-बदलून औत हाकावं तशी एकमेकांची पोरं खांद्यावर घेऊन फिरत. थोरले मला घेत, माझे वडील माझ्या चुलतभावाला घेत. मळ्यात आजोबा नसताना तरी वडिलांनी मला जवळ घ्यावं? छे! आजोबांचा खोकला कोणत्या बांधाआडून ऐकू येईल याचा नेम नसे, आणि तो खोकला म्हणजे वडिलांना सरकारी हुकूम होता.

मी पाच वर्षांची असेन. माझी समजूत सरळ होती. हे काका चुलतभावाला मोटेच्या नाड्यावर बसवतात, खांद्यावर घेऊन विहिरीत वाकून दाखवतात, आणि मी गेले की औताकडे वळतात. याचा अर्थ मी त्यांना आवडत नाही. मग मी आवडून घ्यायचे उद्योग करी. त्यांच्या पायातल्या वहाणा पुसून ठेवी. जेवताना त्यांच्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या नेऊन मुद्दाम उभी राही. ते पाणी पीत, आणि भिंतीकडे बघत म्हणत, "सांग वं तिले, तिकडं खेळ म्हना." मी दोन हातांच्या अंतरावर उभी, आणि निरोप माझ्या आईमार्फत. आता आठवलं की हसू येत नाही, चीड येते. धडधाकट माणूस, रोज मोट हाकणारा, एका पोरीशी थेट बोलायला घाबरे.

आईची तऱ्हा वेगळी होती. तिला पोरीला हात लावायला मोकळीक होती, पण फक्त मारायला. जावेची पोरं आणि आपली पोरं यांत आपण भेद करत नाही हे तिला रोज सिद्ध करावं लागे, आणि त्याचा सोपा उपाय म्हणजे भांडण कुणाचंही असो, धपाटा आपल्या पोरीला. एकदा चुलतभावानं मिरचीच्या वाफ्यातली रोपं उपटून त्यांची वरात काढली. अख्खा वाफा उजाड झाला. मी नुसती काठावर बसून वाजंत्रीवाल्यासारखा तोंडानं आवाज करत होते. आई आली, तिनं त्याला पाहिलं, मला पाहिलं, आणि मला बखोटीला धरून असं बदडलं की माझी पाठ दोन दिवस टेकवत नव्हती. मारताना तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, ओसरीकडे होतं. जाऊ पाहतेय ना? जाऊ बघत होतीच. "अवं, राहू दे, कायले मारतं लेकराले," म्हणत ती धावली, मला कडेवर घेतलं, पदरानं डोळे पुसले, गुळाचा खडा दिला. मग दोघी जावा एकमेकींवर खूश. आणि चुलतभाऊ उरलेली रोपं उपटायला परत वाफ्यात.

या कारभारातून पोरं काय शिकतील याचा विचार कुणी केला नाही. चुलतभाऊ शिकला की आपण काहीही करावं, पाठ दुसऱ्याची सुजते. तो पुढे जन्मभर तसाच वागला. मी शिकले की गूळ हवा असेल तर आईकडून मार खावा, आणि मी तो ठरवून खाऊ लागले. दुधात हात घाल, माठ पाड, चुलीत पाणी ओत. आजोबा म्हणत, "पोरगी लय वात्रट निघाली बाप्पा." निघाली म्हणे! जशी मी मुळ्यासारखी जमिनीतून आपोआप निघाले होते.

त्या दिवशीचा शेलूबाजार मला अजून दिसतो. त्या काळात एक आवई उठली होती. कुठेतरी मोठा पूल बांधतायत, त्याच्या पायात पुरायला पोरं धरून नेणारी माणसं बाजारांतून फिरतायत. बायका पोरांना पदराला बांधूनच बाजारात आणत. आमच्या घरच्यांनी मला कशालाच बांधलं नव्हतं. गोणपाटावर आजोबा बसले होते, थोरले तागडी धरून वांगी जोखत होते, वडील गाडीपासून टोपल्या वाहत होते. मी तिघांच्या मधे होते आणि तिघांपैकी कुणाच्याच ताब्यात नव्हते. समोरच्या रांगेत एक माकडवाला आला, आणि मी निघाले.

माकड संपलं तेव्हा मला आमची वांगी कुठे दिसेनात. सगळीकडे दुसऱ्यांचीच वांगी. मी भोकाड पसरलं. एका म्हाताऱ्या कासारणीनं बांगड्यांच्या माळा बाजूला सारून मला उचललं, आणि मला कडेवर घेऊन ती रांगेरांगेनं ओरडत फिरू लागली, "कोनाची पोर हाय ही? कोनाची हरवली?" तिच्या अंगाला लाखेचा वास होता. मला बरं वाटलं आणि मी रडायची थांबले.

तेवढ्यात गर्दीतून वडील आले. पागोटं सुटलेलं, धाप लागलेली. ते मला शोधत सगळा बाजार पालथा घालत होते हे मला आज कळतं. ते म्हणाले, "माही हाय. दे इकडे."

कासारीण पक्की होती. "थांब गा," म्हणाली आणि तिनं मला विचारलं, "काय वं माय, कोन हाय हा तुहा?"

"काका," मी म्हटलं.

"अन् तुहा बा?"

"बाबा तिकडं वांगे जोखून राह्यले."

ती वडिलांकडे वळली. "तू म्हन्तं माही हाय, पोरगी म्हन्ते काका. खरं काय थे सांग."

"बापच हाय मी," वडील म्हणाले. "थे मले काका म्हन्ते."

लोक हसले, आणि हसता हसता जवळ सरकले. त्या गर्दीतल्या निम्म्यांच्या घरी हाच प्रकार असणार. त्यांचीही पोरं त्यांना काका नाहीतर भाऊ म्हणत असणार. पण एकालाही ते आठवलं नाही. "पुलावाला दिसते," कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्यानं वडिलांची बंडी धरली. वडील बोलू लागले की लोक जास्तच ओरडत. कासारणीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"बाप हाय ना? मंग घे उचलून," ती म्हणाली. "पाहू दे आमाले. लेकरू बापाच्या अंगाले कसं चिकटते थे समजते लगेच."

वडिलांनी हात पुढे केले. माझ्याकडे, माझ्यासाठी, पहिल्यांदा. कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बोटं हिरवी झालेली होती. मला काय वाटलं ते आज साठ वर्षांनीही नीट सांगता येतं, कारण तेवढं मोठं दुसरं काही मला त्या वयात हवंच नव्हतं. मी कासारणीचा गळा सोडला आणि त्यांच्याकडे झेपावले.

"काय चाललं हाय इथं?" मागून आजोबांचा आवाज आला. पाठोपाठ तो खोकला.

वडिलांचे हात खाली गेले. मी पुढे वाकलेली तशीच राहिले. कासारणीनं कंबर धरली नसती तर तोंडावर पडले असते. आणि वडील मागे सरले हे पाहून बंडी धरणाऱ्यानं त्यांच्या कानफटात मारली. मोठा आवाज झाला. मी रडलेसुद्धा नाही, इतकी चक्रावले.

मग खुलासे झाले. आजोबांना बाजारात ओळखणारी चार माणसं पुढे आली. बंडी सुटली. आजोबांनी थोरल्यांना खूण केली आणि थोरल्यांनी मला कासारणीकडून घेतलं. मी मुकाट्यानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती म्हातारी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "बाप हा, अन् पोर उचलते थो!" ती आजोबांना म्हणाली. "काहून जी, याचे हात काय भाड्यानं देल्ले काय?"

"आमच्यात रीत हाय तशी," आजोबा म्हणाले.

"बरी हाय रीत. थापडा खायाले बाप, अन् पोर घ्यायले दुसरा," म्हणाली आणि बांगड्यांकडे निघून गेली. त्या बाजारात अक्कल असलेली ती एकच बाई होती आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

घरी आल्यावर आईनं हरवल्याबद्दल मला रीतसर बडवलं, माय धावली, गूळ मिळाला. ते नेहमीचंच. पण खरी कमाल आजोबांनी केली. ओसरीवर चार शेजारी जमवून त्यांनी बाजारची गोष्ट सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज अभिमानानं भरून आला. "मार खाल्ला, पन माह्यासमोर पोरीले हात नाई लावला. असा पोरगा पायजे!" शेजारी वा वा म्हणाले. गालावर बोटं उठलेले वडील खांबाला टेकून उभे होते, आणि सांगायला लाज वाटते, पण ते सुखावले होते. बापानं चारचौघांत केलेली स्तुती! त्यांनाही बहुधा ती पहिल्यांदाच मिळत होती. ही गोष्ट पुढे आजोबा जिवंत असेपर्यंत प्रत्येक लग्नाकार्यात सांगितली गेली, आणि दर वेळी मी ताटं वाढत ती ऐकली. मी मात्र त्या दिवसानंतर वडिलांच्या ताटाशी तांब्या घेऊन उभी राहिले नाही.

आजोबा गेले तेव्हा मी लुगडं नेसू लागले होते. मर्यादा मुख्यतः ज्यांच्या धाकानं पाळायची ते गेले, पण तोवर मी उचलण्याजोगी राहिले नव्हते. लवकरच माझं लग्न झालं, कामरगावला.

सासरीही तीच रीत, तोच टेंभा. माझी मुलगी नुकती उभी राहू लागली होती तेव्हा वडील मला भेटायला आले. सोबत मळ्यातल्या वांग्यांची टोपली. मी चहा ठेवला होता. माझा नवरा पोरीला मांडीवर घेऊन बसला होता, कारण सासरे बाहेर गेले होते. एवढ्यात दारात सासऱ्यांची काठी वाजली, आणि नवऱ्यानं पोरीला तापल्या तव्यासारखं जमिनीवर टाकलं. शहाणा, दोन यत्ता शिकलेला माणूस! पोरगी आपटली आणि तिनं सूर लावला. नवरा छताची लाकडं बघू लागला. सासरे घोंगडीवर बसले. मी आतून येईपर्यंत माझे वडील उठले होते.

त्यांना आता कुणाची आडकाठी नव्हती. लेकीचं लेकरू उचलायला आजाला पूर्ण मोकळीक असते. त्यांनी पोरीला सफाईनं उचललं, पुतण्यावर हात बसलेलाच होता. पाठ थोपटली, खांद्याशी धरली. ती लगेच गप्प झाली आणि त्यांच्या पागोट्याचं टोक चोखू लागली. ते तिला हलवत हलवत चुलीपाशी माझ्याकडे आले. जरा वेळ उभे राहिले. मग हातातल्या हातात तिचं वजन तोललं, टोपली तोलतात तसं, आणि खालच्या आवाजात मला विचारलं,

"तू बी एवढीच जड होती काय वं?"

मी चहा गाळत होते. मान वर न करता म्हटलं, "बाबायले इचारा. त्यायले ठाऊक असन."

चहा निवून गेला तरी पोरीला त्यांनी खाली ठेवलं नाही.