स्क्रीनवर सगळं हिरवं होतं

"काय गं जयभीम, टिकली इथं लावतात."

साहेबांनी कंट्रोल रूमच्या स्क्रीनवरची टिकली नखानं उचकटली आणि माझ्या कपाळावर दाबली. अंगठ्यानं. प्लांट बघायला आलेले पाहुणे हसले. माझ्या शिफ्टची पोरंही हसली.

मी टिकली लावत नाही. साहेबांना ते माहीत होतं. ते टिकल्यांचं पाकीट कॅम्प चारच्या बाजारातून मी कामासाठी आणलेलं. आनंदनगरच्या आमच्या केमिकल कंपनीत रिअॅक्टर आपोआप चालतो. आम्ही बघायचं, बिघडलं तर हात घालायचा. पण कुठवर तापला की गार पाणी सोडायचं, हे स्क्रीनवर कुठेच नव्हतं. म्हणून तापमानाच्या आलेखावर त्या उंचीला टिकली. जुन्या काट्याच्या गेजवर आधीची माणसं नेलपॉलिशची रेघ मारायची, तसंच.

त्यानंतर साहेबांनी आलेखच काढायला लावला. त्याच्या जागी रिअॅक्टरचं चित्र आलं. गोंडस, हिरवं. पाहुण्यांसमोर अलार्म वाजणं बरं दिसत नाही, म्हणून त्याची हद्द वर सरकवली. मी विचारलं तर म्हणाले, तुमच्या डोक्याला झेपेल असं करून दिलंय, नको असेल तर झाडू आहे.

मग एका दुपारी माल आत उकळत राहिला आणि चित्र हिरवंच. अलार्म वाजेपर्यंत झाकणाची गॅस्केट फुटली होती. खाली आमच्याच शिफ्टचा, सोनिवलीचा गणेशदादा उभा होता. अर्धा चेहरा सोलला. डावा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये साहेब मऊ बोलले. चौकशीवाले येतील, सांगायचं, मी मोबाईल बघत होते. नोकरी राहील. "तुझं काय जातंय? तुम्हा लोकांना तसंही कामचुकारच समजतात."

"मी बघतच होते, साहेब. तुम्ही खोटं दाखवत होतात."

चौकशीवाल्यांनाही हेच सांगितलं. त्यांनी चहा साहेबांसोबत घेतला. मला काढलं. कंपनीनं गणेशदादाच्या बायकोला माझं नाव सांगितलंय. ती मला शिव्या घालते.

घालू दे. मी रोज गेटवर उभी असते. शिफ्ट सुटली की एकेकाला अडवून विचारते, तुझ्या स्क्रीनवर धोका दिसतो की लपवलाय? लपवला असेल तर त्या स्क्रीनसमोर बसू नकोस. प्लांट बंद पडला तर पडू दे. आंधळं करून पहाऱ्याला बसवायचं आणि माणूस भाजला की आम्हालाच आरोपी करायचं, हे यापुढे चालणार नाही.