फ्रीजला हात लावू नका

आतड्याचं ऑपरेशन झालं आणि मला सलाईनमधून कॅन्सरचं औषध सुरू केलं. पहिल्यांदा औषध घेऊन घरी आले त्याच दिवशी सून म्हणाली, "आत्या, फ्रीजला हात लावू नका. माठालापण नको." माझे कपडे ती वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवायला लागली. एप्रिलातलं सोलापूर, पत्रे तापलेले. सगळे गार पाणी पिणार, कोमट फक्त मला.

मी समजले. माझा रोग लागेल म्हणून ही जपते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायची, पण ते ऐकलं तिनं एकटीनं. मला तेव्हा सुई लावून आत झोपवलं होतं. आईशी फोनवर ती तेलुगूत बोलायची. त्यातलं मला 'अत्तम्मा' एवढंच कळायचं, म्हणजे मी. विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या खेपेच्या औषधानंतर ती दळण आणायला गेली तेव्हा मी फ्रीजमधली बाटली काढली. बोटांना सुया टोचल्यासारखं झालं. तरी तोंडाला लावली. एका घोटातच गळा आवळला, श्वास आत जाईना असं वाटलं. ती आली तेव्हा मी ओटा धरून उभी होते. तिनं बाटली बघितली. गरम पाणी पाजलं, पाठीवर हात ठेवला. "श्वास चालू हाय तुमचा, आत्या. जातंय हे." थोड्या वेळानं गेलं.

पुढच्या खेपेला तिनं हे सगळ्यांदेखत सिस्टरला सांगितलं. मला वाटलं, केली चुगली. पण डॉक्टर आले, या औषधावर गार प्यायलं की असं होतं, कळलं ते बरं झालं म्हणाले आणि औषध हळू सोडायला लावलं. सून चहा आणायला गेली तशी मी सिस्टरला हळूच विचारलं, हातमोज्यांचं खरं काय.

"औषध एक-दोन दिवस अंगातून बाहेर पडतं, मावशी. ते दुसऱ्याला लागू नये म्हणून. रोग नाही लागत."

हिला सुनेनंच पढवलं नसेल कशावरून?

सून चहा घेऊन आली. मी अर्धा प्यायले आणि उष्टा कप तिच्यापुढं धरला. ती सुईकडं बघून म्हणाली, "आज नको. चार दिवस जाऊ द्या की."

चार दिवस गेल्यावर मी पुन्हा अर्धा चहा ठेवला आणि तिच्याकडं बघत बसले. तिनं कप उचलला आणि पार निवलाय म्हणून कुरकुरत पिऊन टाकला.