बिनदांडीची सायकल

माझ्या उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला, तो मला न विचारता. सकाळी फाटकासमोर नेहमीसारखी टांग मारायला गेलो, पाय सायकलच्या दांडीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. मी, सायकल आणि दुधाची किटली असे तिघेही गटाराच्या कडेला आडवे झालो. शेजाऱ्यांनी विचारलं, लागलं का हो? मी पडल्या पडल्याच सांगितलं की चेन बघतोय.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. घ्यायची रिक्षा. पण प्रकरण माझ्या गुडघ्याचं नव्हतंच, अक्काचं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जळगावात एका टोकाला मी राहतो, दुसऱ्या टोकाला ती. भाऊजी गेल्यापासून एकटीच. डोळ्यांना फार कमी दिसतं, पण पुण्याला मुलाकडे जायचं नाव काढलं की तिला तिथलं पाणी सोसत नाही, हवा सोसत नाही आणि लिफ्ट तर मुळीच सोसत नाही. शेवटी भाच्याने तोडगा काढला. मामा रोज सकाळी जातात तोवर आईने जळगावात राहावं, मामांचं जाणं थांबलं की तो येऊन घेऊन जाईल. भाचा मोठ्या कंपनीत माणसं नेमतो, त्यात त्याने मलाही नेमून टाकलं. पगार म्हणजे अक्काच्या हातचा चहा, तोही साखर विसरलेला.

रिक्षातून उतरलो असतो तर अक्काला लगेच कळलं असतं की गडी संपला. आणि माझ्यापायी तुझे हाल नकोत म्हणत तिनेच पुण्याला फोन लावला असता. ती तशीच आहे. स्वतःच्या मनाविरुद्ध जायचं असेल तर तिच्याइतकं चपळ कुणी नाही.

मग मी उंचवट्यांचा आधार घेतला. घरी पायरीवर उभं राहून सायकलवर बसायचं, तिच्याकडून निघताना धुण्याच्या दगडावर. मधे कुठेही पाय टेकायचा नाही, एवढंच पथ्य. पण जळगावच्या रस्त्यावर न थांबता जाणं माणसाच्या हातात असतं का? एकदा केळीची हातगाडी आडवी आली. मला उतरावं लागलं, मग सायकल ढकलत दुभाजकापर्यंत गेलो आणि त्यावर चढून पुन्हा स्वार झालो. चौकातल्या पोलिसाने माझ्यासाठी दोन्हीकडची वाहनं थांबवली. आयुष्यभर शाळेत मास्तरकी केली, पण इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

बायकोचं मत स्पष्ट होतं, नवी घ्या. तिच्या समाधानासाठी दुकानात गेलो. तिथल्या पोराने मला एक झोकदार सायकल दाखवली. तिला कॅरियर नव्हता, घोडी नव्हती, मडगार्ड नव्हतं, चेनकव्हर नव्हतं. उभी कशी करायची म्हटलं, तर म्हणाला भिंतीला टेकवा. नातवासाठी घेताय ना आजोबा, असं वर विचारलं. मी हो म्हटलं. मग त्याने बिनदांडीची दाखवली. गुलाबी होती, पुढे टोपली होती आणि टोपलीवर फुलपाखरू होतं. नातीसाठी छान आहे म्हणाला.

तिथून उठलो तो माझ्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस कुठल्याही दुखण्यावर वेल्डिंग सुचवतो. त्याने सायकलकडे पाहिलं, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की दांडी कापू, खालून तिरप्या दोन नळ्या जोडू, पाय उचलायचं कामच राहणार नाही. मी म्हटलं, म्हणजे लेडीज करणार? तो म्हणाला, लेडीज नाही हो सर, सोयीची.

माझी दांडी गुल. चाळीस वर्षं ज्या दांडीवरून टांग मारून मी गावभर मास्तर म्हणून मिरवलो, ती काढायची आणि साडी नेसलेल्या बाईसारखं मधून चढायचं? घरी येऊन रागारागात हे सगळं बोललो. बायको भाजी निवडत होती. तिने एवढंच विचारलं की रोज पडणं जास्त पुरुषी दिसतं का. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला लग्नापासून ठाऊक आहे, तरी मी दरवेळी घालतो. तोही घातला आणि हरलो.

तरी ठरत नव्हतं. ठरवलं ते धुण्याच्या दगडाने. एका सकाळी अक्काकडून निघताना त्यावरूनच घसरलो. आतून तिने विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, बादली. तिथून लंगडत लंगडत सायकल थेट मिस्त्रीकडे नेली.

उद्या सकाळी सातला देतो, असं त्याने कबूल केलं. सातला गेलो तेव्हा दांडी जागेवरच होती आणि मिस्त्री चहा पीत होता. इतक्यात अक्काची वेळ झाली. मी तिला फोन लावला, नेमकी तेव्हाच त्याने कटर सुरू केला. त्या करकराटात मी ओरडून सांगितलं की आज सायकलची दांडी काढतोय, उशीर होईल. पलीकडून काहीतरी बोलणं आलं आणि फोन बंद झाला.

सायकल मिळाली ती दुपार होता होता. काम झकास झालं होतं, हे कबूल करायला मला जड गेलं. पाय जरासा उचलला की मी सीटवर. मिस्त्रीने आपणहून चाकं सरळ केली, चेनला तेल दिलं आणि वर्षानुवर्षं खडखडणारं चेनकव्हर नवा स्क्रू लावून पक्कं केलं. इतकी मुकी सायकल मी कधी चालवली नव्हती.

अक्काचं दार आतून लावलेलं होतं. वाजवलं.

"कोन शे?"

अक्काने मला हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. मी पोचायच्या आधी दार उघडं असायचं. मी म्हणालो, अगं मी. बऱ्याच वेळाने कडी निघाली. दारातच तिची पिशवी भरून ठेवलेली होती. देव फडक्यात बांधलेले, गॅसचा कॉक बंद, चहाचं पातेलं पालथं घातलेलं. कुठे निघालीस, मी विचारलं.

"तूच ना बोलना, आज दांडी म्हनीसन," ती म्हणाली.

दांडी! जन्मभर मी पोरांना त्यापायी बाकावर उभं केलं. अक्का मला चांगली ओळखत होती, मी कधी दांडी मारली नाही हे तिला माहीत होतं. म्हणून तर तिने धसका घेतला. रोज धुण्याच्या दगडावर माझी चाललेली धडपड तिने ऐकली होती. बादली पडल्याचा आवाज कसा असतो हेही तिला कळत होतं. भावाने दांडी मारली म्हणजे त्याचा गुडघा आता संपला, असं समजून तिने मुलाला ये म्हणून कळवलं होतं. तो निघायच्या तयारीत होता.

मला रडूच आलं. मी तिचा हात धरला, बाहेर आणला आणि सायकलवर ठेवला. तिने सीट चाचपली, हँडल चाचपलं आणि मधल्या रिकाम्या जागेत हात फिरवत राहिली. मग हसायला लागली. शिरपूरकडच्या आमच्या खेड्यात मला सायकल तिनेच शिकवली होती. पण वडिलांच्या सायकलच्या दांडीवरून टांग मारायची तिला मुभा नव्हती, परकर सावरत ती खालून पाय घालून वाकडीतिकडी चालवायची.

"मनं बठ्ठं लहानपन दांडीखाले गयं," ती म्हणाली. "तुले आते समजनं."

तिचं सगळं लहानपण जिथून गेलं, तिथून मी आज पहिल्यांदा पाय घातला होता. तिने मुलाला फोन लावून सांगितलं की येऊ नकोस, तुझ्या मामाने लेडीज सायकल घेतली आहे. पलीकडे तो काय म्हणाला कोण जाणे, अक्का पुन्हा हसली. मग पातेलं सुलटं करून चहा ठेवला, आणि पाठमोरीच म्हणाली की सायकल फार गुपचूप चालते, उद्या मी आलो हे तिला कळायचं कसं? दार वाजवणारा कुणीही असतो.

मी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बाहेर गेलो आणि चेनकव्हरचा नवा स्क्रू काढून खिशात टाकला. जाताना दार ओढून घेतलं आणि अक्काला आतून कडी लावायला सांगितलं. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि सायकल वळवून परत आलो. कव्हर खडखडत होतं. मी उतरायच्या आत कडी निघाली.