प्रागला जायचा महिना

शेजारचा मंदार कॅलेंडर उलटत बायकोला सांगत होता, "प्रागला एप्रिलमध्ये पाऊस, जुलैत गर्दी, डिसेंबरात बर्फ." त्याचं बोट कुठल्याच महिन्यावर टेकेना. मला त्या बोटाचा संशय आला. हवामानाची इतकी काळजी करणारा माणूस बहुधा दुसरंच काही लपवत असतो.

"काका, तुम्हीच सांगा हो याला, कोणता महिना चांगला?" मंदारची बायको वैतागून म्हणाली.

माझ्या बायकोला, सुमतीलाही प्रागमधला जुना दगडी पूल बघायचा होता. थंडी तुझ्या गुडघ्यांना सोसणार नाही, असं मी दरवर्षी म्हणायचो. शेवटपर्यंत ती नातेवाइकांना सांगत राहिली, "माझ्या गुडघ्यांमुळे राहिलं."

"कोणताही," मी म्हणालो. "आणि सुमतीचे गुडघे चांगले होते. विमानाला मी घाबरत होतो."