केळवणाला आणलेला शेक

मंडळी, दुपारपासून डोकं तडकलंय, म्हणून लिहितेय.

आज भिसेगावला आमच्या घरी भाचीचं केळवण होतं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सगळं तिच्या आवडीचं केलं होतं. आणि नवरीने पर्समधून प्रोटीन शेकची बाटली काढली!

"मावशी, मला ताट नको गं. सासूबाईंनी पावडरचा डबा पाठवलाय. लग्नापर्यंत दोन्ही वेळा हेच प्यायचं, कॅलरी मोजून."

बाटली उघडली तर नासक्या दुधासारखा वास. अर्धी पिऊन पोरगी मोरीकडे धावली आणि सगळं ओकली. हात गार पडले होते.

मी तिला जवळ बसवून भाकरीचे घास भरवले. "किती दिवसांनी जेवतेय गं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेवढ्यात खालापूरहून तिच्या होणाऱ्या सासूचा व्हिडिओ कॉल. भाचीने झटकन ताट बाजूला सारलं, डोळे पुसले आणि बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. "हो आई, शेकच घेतला."

मला अक्षरशः किळस आली. शेकची नाही, त्या घराची.

ताईला, म्हणजे तिच्या आईला, फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणते, "लग्न तोंडावर आलंय गं, आता काय बोलू नको."

तुम्ही गप्प बसला असता?