जामखेडच्या मुलीचा वेग

हे नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही, ज्यांच्या हाताखाली नोकरी केली त्या साहेबांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? कुतूहल म्हणा. कागदावर उतरल्यावर ते केवढं दिसतं, ते बघायचंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी टायपिस्ट होते. मुलाखतीची पत्रं मीच पाठवायची, टायपिंगची परीक्षाही माझ्याच मशीनवर घ्यायची. अर्जासोबत उमेदवार स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून एक पाकीट जोडायचे. बहुतेक पाकिटं आमच्या कपाटात तशीच पडून राहायची. निवड झाली नाही, हे कळवायची आमच्याकडे रीतच नव्हती.

दुसऱ्या टायपिस्टची जागा निघाली. पहाटेच्या एसटीनं जामखेडहून एक मुलगी आली. मशीनवर बसली, चार अक्षरं मारली आणि थांबली.

"ताई, ही की अडकती हाय. कवापासून?"

"वर्ष झालं. सवय झालीय आता."

"असली कसली सवय!" ती हसली. केसातली पिन काढून तिनं कीखालचा कचरा उकरला आणि मग सुरू झाली.

मी घड्याळ धरून बसले होते. आपल्या मशीनवर आपल्यापेक्षा सरस हात चालताना तुम्ही कधी ऐकलाय? मिनिटाला पन्नासच्या वर शब्द! मी चाळीसची परीक्षा पास — तीही दुसऱ्या खेपेला.

साहेबांनी विचारलं, "कशी आहे?"

— आता सांगून टाकते.

"वेग कमी पडतो, साहेब."

त्यांनी तिचा कागद मागितलासुद्धा नाही. माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा होता. जागा दुसऱ्याला गेली.

इथवर भीती होती, असं म्हणता येईल. पण पुढचं?

पंधरा दिवसांनी तिचं पत्र आलं, सोबत पुन्हा एक पाकीट. 'माझे काय कमी पडले ते कृपया कळवावे, सुधारणा करीन.' इतकं सरळ विचारणारी ती पहिलीच. पत्र कपाटात ढकलता आलं असतं, इतरांची पाकिटं ढकललीच होती. तिला मात्र मी उत्तर दिलं. का? तिला आपल्या हातांची खात्री असेल, की उलट माझ्या एका ओळीवर ती विश्वास ठेवील — हे मला बघायचं होतं. खरंच, एवढंच. 'टायपिंगचा वेग अपुरा' असं मी टाइप केलं, साहेबांकरिता म्हणून सहीही मीच ठोकली. तिनं मोकळी केलेली की एकदाही अडकली नाही.

सात-आठ महिन्यांनी, ज्याला घेतलं होतं तो सोडून गेला. जागा पुन्हा निघाली, तिचा अर्ज पुन्हा आला. सोबत साठच्या परीक्षेचं नवं कोरं प्रमाणपत्र.

म्हणजे ठेवला होता विश्वास. पुन्हा क्लास लावला असणार, रोज जाऊन बडवत बसली असणार — ज्यात ती आधीच पुढं होती, त्यातच. अर्जाच्या शेवटी एक जास्तीची ओळ होती: 'मागील वेळी कारण कळवल्याबद्दल आभारी आहे.'

तो अर्ज मी साहेबांपुढं ठेवला नाही. तिचं पाकीट कपाटात टाकलं — रिकामं, वर तिच्याच अक्षरात तिचा पत्ता.

या खेपेला कारणही कळवलं नाही.